जुनी गाडी रोज चालवायची तर... (वाचकांचे प्रश्न)

या वेळी पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळ्यांच्या मनात एकच शंका आहे, की घरात जुनी येझडी, जावा, बुलेट, राजदूत आहे, ती जपून ठेवायची की रोज वापरायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे काकांची १९८४ ची येझडी रोडकिंग आहे आणि ती मी आठवड्यातले पाच दिवस ऑफिसला नेतो. जी गाडी उभी राहते ती आतून मरते, जी चालते तिचा आजार कानाला लगेच कळतो. आता एकेक पत्र घेतो, नावं कोणाचीच देत नाही, फक्त गाव.

सांगलीहून: दादा नमस्कार, आजोबांची १९८३ ची येझडी रोडकिंग गोठ्याशेजारच्या शेडमधे नऊ वर्षं उभी आहे. आजोबा गेल्यापासून कोणी हात लावला नाही. मला ती चालू करून रोज कामाला न्यायची आहे, जाऊन येऊन अठ्ठावीस किलोमीटर. इथला मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन खोलावं लागेल. खोलू का? आणि खरंच रोज चालेल का?

भावा, सगळ्यात आधी एक कर, किक मारू नकोस. मला माहितीये की हात शिवशिवतात, पण नऊ वर्षांत सिलेंडरच्या आत गंज धरलेला असू शकतो आणि सुक्या बोअरमधे (सिलेंडरच्या आतल्या भोकात) पिस्टन जोरात खेचला तर रिंगा तुटतात, बोअरवर ओरखडे पडतात, आणि जे काम दोन हजारात झालं असतं ते पंधरा हजारावर जातं. प्लग काढ, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक गाड्यांचं, पेट्रोलमधे मिसळायचं) सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी टॉप गिअरमधे टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलव. फिरलं तर निम्मी लढाई जिंकलास. नाही फिरलं तर परत ऑईल, परत एक रात्र, घाई नको.

ते होईपर्यंत टाकी खाली उतरव. नऊ वर्षांचं पेट्रोल म्हणजे आत वार्निशसारखा चिकट थर आणि खाली गंज, ते कार्बमधे (कार्ब्युरेटरमधे) गेलं तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, बंद होतात. कार्ब पूर्ण खोलून जेट हवेने फुंकून घे, जेटात तार घालू नकोस, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिणार. मग पॉईंट, म्हणजे स्पार्कचा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क. इतकी वर्षं बंद राहिले की पॉईंटच्या तोंडावर पांढरट-काळा थर येतो आणि करंट जात नाही, बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ कपड्याने पूस आणि गॅप फिलर गेजने ०.३५ ते ०.४ मिलीमीटरच्या मधे ठेव. माझ्या अनुभवात "स्पार्क येत नाही, कॉईल गेली" असं म्हणून आणलेल्या निम्म्या गाड्या नुसत्या पॉईंट साफ करून चालू झाल्यात. कंडेन्सर मात्र नवीनच टाक.

आता फुल इंजिन खोलायचं का. तुझा मेकॅनिक पूर्ण चुकीचा नाहीये. टू-स्ट्रोकमधे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सील फार महत्त्वाची, कारण क्रँककेस (क्रँक ज्या पेटीत फिरतो ती) हाच पंप असतो, तो हवाबंद पाहिजे. नऊ वर्षांत रबर कडक होतं. डावीकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑईल ओढतं, सायलेन्सरमधून ढगासारखा धूर येतो आणि गिअर ऑईल कुठे गळताना दिसत नाही तरी कमी होत जातं. उजवीकडचं, म्हणजे पॉईंट-डायनमोच्या बाजूचं सील गेलं तर उलट, बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी आपोआप रेस धरते आणि गरम होऊन पिस्टन चिकटतो. हे दुसरं जास्त धोक्याचं कारण धूर दिसत नाही. म्हणून आधी चालू कर, शंभर एक किलोमीटर जवळपास फिरव, ही लक्षणं बघ, दिसली तर सील बदलून घे आणि तेव्हा बेअरिंगही बघून घ्यायला सांग. पण चांगलं चालणारं इंजिन "एवीतेवी आलंच आहे तर" म्हणून खोलू नकोस. मैसूरच्या कारखान्यात बसवलेला क्रँक परत तसाच अलाइन करणारे हात आता कमी राहिलेत.

रोज चालेल का, तर हो, चालेल, फक्त तिची एक-दोन कामं रोजची आहेत हे मान्य करायचं. ऑईल. पूर्वी पंपावर टू-टी ऑईलचं मशीन असायचं, पेट्रोलबरोबर मापात ऑईल मिळायचं, आता बहुतेक ठिकाणी नाही, त्यामुळे डिकीत ऑईलची बाटली आणि एक मापाचं झाकण कायम ठेव. लिटरला ३० ते ४० मिली, नवीन पिस्टन असेल तर त्याहून जास्त. आधी ऑईल टाक मग पेट्रोल, म्हणजे धारेने आपोआप मिसळतं. नंतर गाडी दोन्ही बाजूंना हलव.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, ती तुला सांगतो. २०११ साली महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरत होतो, पूर्ण उतार, मी एक्सिलेटर बंद करून गाडी गिअरमधेच सोडलेली, इंजिनचा ब्रेक मिळतो म्हणून. बऱ्याच वळणांनंतर एकदम मागचं चाक लॉक झालं. नशिबाने क्लच लगेच दाबला, म्हणून पडलो नाही. झालं असं होतं की टू-स्ट्रोकमधे ऑईल पेट्रोलबरोबरच येतं, एक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद म्हणजे ऑईलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनला जोरात फिरवतायत. सुक्या बोअरमधे पिस्टन चिकटला. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागला. तेव्हापासून लांब उतारावर मी दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक हलकी रेस देतो आणि वेग ब्रेकनेच आवरतो, मग ब्रेक लायनर लवकर झिजले तरी चालतील. कोणी टू-स्ट्रोक घेऊन घाटात निघाला की मी आधी हेच सांगतो.

बाकी एक वही ठेव. कधी किती पेट्रोल, कधी प्लग बदलला, कधी गिअर ऑईल. प्लग महिन्यातून एकदा काढून रंग बघ, चॉकलेटी आला तर उत्तम, पांढराफट्ट म्हणजे गाडी तापतेय, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर. आजोबांनी वही ठेवली होती का घरात शोध, त्या पिढीतले बरेच जण ठेवायचे, मिळाली तर त्यात तुझ्या गाडीबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल.

बारामतीहून: आम्ही ऊस लावणारे लोक, इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा येतो हे कळतं. पण माझ्याकडे १९७८ ची बुलेट आहे आणि गेल्या वर्षभरापासून कार्बमधून पेट्रोल टपकतं, गाडी गरम झाल्यावर फटफट करते. हे ई२० मुळे का? उपाय काय?

काका, बराचसा त्यामुळेच असण्याची शक्यता आहे. ई२० म्हणजे शंभर भागात वीस भाग इथेनॉल, २०२३ मधे सुरू झालं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळ्या पंपांवर तेच आलं. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल तीन गोष्टी करतं. जुनं रबर आणि कॉर्क फुगवतं किंवा ठिसूळ करतं, म्हणून फ्लोटची सुई (कार्बमधे येणारं पेट्रोल अडवणारी) नीट बसत नाही आणि कार्ब टपकतो. हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीत आणि फ्लोटच्या वाटीत गंज आणि पांढरट चिकटा येतो. आणि त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून गरम झाल्यावरची फटफट.

आधी रबर पाइप, पेट्रोल कॉकचं वॉशर, फ्लोटची सुई बदला, दुकानात विटॉनचं मागा, ते इथेनॉलला टिकतं. मग कार्बच्या नीडलची (एक्सिलेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या दुसऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे नीडल एक पायरी वर येते आणि पेट्रोल थोडं जास्त जातं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्लग बघा. तरी पांढरा असेल तर मेन जेट एक नंबर मोठा. मिश्रण पातळ ठेवून चालवू नका, ॲव्हरेज दोन किलोमीटर वाढल्यासारखं वाटतं पण व्हॉल्व्ह जळतो.

सगळ्यात सोपा उपाय मात्र वापराचा आहे. पेट्रोल टाकीत महिना महिना ठेवू नका. आठवड्यात संपेल एवढंच टाका, नाहीतर टाकी पूर्ण भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. चार दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्ब रिकामा होतो. पंपावरच्या पेट्रोलात खरंच किती इथेनॉल आहे हे बघायचं असेल तर मापाच्या उभ्या काचेच्या नळीत शंभर मिली पेट्रोल आणि वीस मिली पाणी घाला, हलवा, ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर वीसचा जेवढा वाढला तेवढं साधारण इथेनॉल. (उघड्यावर करा, आसपास विडी-काडी नको.)

नाशिकहून: दादा, बाबांची कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० आता मी चालवते. बाबांना गुडघ्यामुळे किक जमत नाही. मला चालवायला काही त्रास नाही, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेकची सवय झाली, पण किक कधी कधी उलटी येते, मागच्या महिन्यात घोटा सुजला होता. मैत्रिणी म्हणतात ताकद लागते, बाईचं काम नाही. खरंच ताकद कमी पडते का?

ताई, अजिबात नाही. बुलेटची किक ताकदीची नाहीच, ती जागेची आहे. मी पाहिलेले सगळ्यात सहज किक मारणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आणि अगदी किरकोळ अंगाचे होते.

चावी चालू करून अँपिअरच्या काट्याकडे बघायचं. किक हळू दाबत जायची, काटा वजाकडे जातो आणि परत मधे येतो, तसा पाय जड लागतो. काटा मधे आला म्हणजे पॉईंट उघडले आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाशी आलाय. आता डीकॉम्प्रेसरचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) छोटा लिव्हर ओढून किक अगदी थोडी, दोन बोटं, पुढे न्यायची. लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मग एकच लांब किक शेवटपर्यंत, मधे पाय सोडायचा नाही. यात पिस्टन वरचं टोक ओलांडून गेलेला असतो म्हणून पूर्ण फेरीचा वेग मिळतो. किक उलटी येते ती बहुतेक वेळा अर्धवट किकेमुळे, पिस्टन वर पोचायच्या आत स्पार्क पडतो आणि इंजिन उलटं फिरायला बघतं.

हे सगळं बरोबर करूनही उलटी येत असेल तर दोष गाडीत आहे. टायमिंग पुढे गेलेलं असेल, म्हणजे स्पार्क वेळेआधी पडत असेल, नाहीतर पॉईंटच्या मागे जे ॲडव्हान्स युनिट असतं त्याच्या छोट्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील किंवा ते सुकून अडकलं असेल, मग गाडी बंद असतानाही टायमिंग पुढेच राहतं. हे आधी तपासून घ्या, घोटा परत दुखावून घेऊ नका, आणि चप्पल घालून किक मारू नका. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट) पण बघायला सांगा, इंजिन थंड असताना दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत पण वर-खाली हलता कामा नयेत. हे दहा मिनिटांचं काम तुम्ही घरी करू शकाल, बाबांना खुर्ची टाकून शेजारी बसवा, त्यांना बरं वाटेल.

आणि महिनाभर उभी राहिल्यावर चालू केली आणि सायलेन्सरमधून निळा धूर आला तर घाबरू नका. या इंजिनात ऑईलची टाकी क्रँककेसमधेच एका बाजूला असते, उभ्या उभ्या ऑईल झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. थोडा वेळ चालली की ऑईल परत जागेवर जातं. रोज चालवलीत तर हा धूर दिसणारच नाही.

पुण्याहून: माझी जावा १९७२ ची आहे, पन्नास वर्षं झाली. व्हिंटेजचा व्हीए नंबर घ्यावा का?

रोज चालवायची असेल तर घेऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हीए मालिकेची नोंदणी मिळते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण ती गाडी मग फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. ऑफिसला, मंडईत नेता येत नाही. तुमचं साधं आरसी आहे ना, तेच पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून रिन्यू करत राहा, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करा, गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. इन्शुरन्स, पीयूसी, नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हे सगळं आपल्या गाड्यांनाही लागू आहे. रिन्यूअल चुकवू नका, पुढे कागद जुळवताना फार मनस्ताप होतो.

रत्नागिरीहून: आमच्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. राजदूत १७५ आहे. पावसाळ्यात कव्हर घालून ठेवतो तरी क्रोम उठलं, टाकीत गंज. काय चुकतं?

कव्हर चुकतं. प्लॅस्टिकचं कव्हर आत वाफ धरून ठेवतं, कोकणात ते न घालणंच बरं. छपराखाली, वारा खेळेल अशी मेन स्टँडवर उभी करा आणि वरून फार तर जुनी सुती चादर. क्रोम गोड्या पाण्याने पुसून कोरडं करून ऑईलचा पातळ हात द्या, दर आठवड्याला.

टाकीचा गंज काढायला मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून एक-दोन दिवस हलवत राहा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे आम्ल मरतं, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच टू-टी ऑईल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. वाळवल्यावर तासभर जरी तशीच ठेवली तरी नवीन गंजाचा पिवळा थर धरतो, म्हणून "लगेच" वर जोर देतोय.

पण खरं सांगू का, तुमच्यासारख्यांना मी पावसातही गाडी चालवा असंच सांगतो. पाऊस उघडला की आठवड्यातून दोनदा तरी वीस मिनिटं. नुसती जागेवर चालू करून पाच मिनिटांत बंद करणं वाईट, इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमधे पाणी साचतं. चालवताना ड्रम ब्रेकमधे पाणी गेलं असेल तर पहिले शंभर मीटर ब्रेक हलका धरून चालवा, लायनर तापून सुकतात, मग पूर्ण ब्रेक लागतो. ड्रम उघडून साफ करायचा असेल तर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नका, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

ठाण्याहून: सहा व्होल्टचा दिवा रात्री काजव्यासारखा. बारा व्होल्ट करू की ओरिजिनल ठेवू?

रात्री चालवता ना, मग बारा करा. समोरचा खड्डा दिसणं ओरिजिनलपणापेक्षा मोठं आहे. जुने पार्ट पिशवीत नाव लिहून जपून ठेवा, नातवाला परत बसवता येतील. त्याआधी एकदा सगळ्या अर्थिंगच्या जागा (जिथे वायर गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते त्या) घासून साफ करून बघा, माझा निम्मा उजेड तिथेच अडकला होता.

बेळगावहून: नवीन जावा-येझडी आल्यात, त्यांचे पार्ट आमच्या जुनीला बसतील का? इथे मिळेनासे झालेत.

नाही बसत. मैसूरच्या आयडियल जावानं १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझडी नावाने गाड्या काढल्या, १९९६ ला कारखाना बंद पडला. २०१८ ला जावा आणि २०२२ ला येझडी नाव परत आलं पण त्या गाड्या पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक आहेत, नटसुद्धा जुळणार नाही. पुण्याला येणं झालं तर नाना पेठेत फिरा, नंतर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार किंवा रविवार. तिथे घाई न करता बसायचं, जुना पार्ट सोबत न्यायचा आणि शेजारी ठेवून ताडून बघायचा. डुप्लिकेट पिस्टन घेताना रिंगा आणि गजन पिनची (पिस्टनमधल्या आडव्या पिनची) फट बघा, पॉईंटमधे मात्र डुप्लिकेट घेऊ नका, त्याच्या टाचेचं (फिरत्या भागावर घासणाऱ्या टोकाचं) फायबर महिन्यात झिजतं आणि गॅप सारखी बदलत राहते. जुना ओरिजिनल पॉईंट सेट साफ करून वापरलेला परवडतो.

साताऱ्याहून: जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझडी दिवस असतो, या वर्षी पहिल्यांदा पुण्यापर्यंत येझडी घेऊन जायचा विचार आहे. निघायच्या आधी काय बघू?

टायर. सगळे इंजिनच बघतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१२ असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही नवी दिसली तरी तो टायर काढा, ओल्या रस्त्यावर तो धरत नाही. मग चेन, क्लचची केबल आणि तिचा एक जादा सेट सीटखाली, दोन प्लग, प्लगचा पाना, ऑईलची बाटली. पहाटे निघा म्हणजे खंबाटकीला ट्रकांची गर्दी कमी लागेल आणि गाडी थंड हवेत चढेल. चढावर तिसऱ्यात ओढत बसू नका, आवाज जड झाला की लगेच दुसरा टाका. वर पोचल्यावर दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, इंजिनच्या पंखांना हात जवळ नेऊन बघा आणि प्लगची कॅप घट्ट आहे ना तेवढं तपासून पुढे निघा. मी पण येतोय, लाल रोडकिंग, डाव्या पॅनलला छोटा पोचा आहे, दिसलो तर हाक मारा.